खटका कधी पडतो?

वीज जाणं आणि खटका पडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वीज जाते ती सगळ्या गल्लीची जाते. त्यात एक सार्वजनिक समाधान असतं. माणसं गॅलरीत येतात, "तुमच्याकडचेही गेलेत ना?" म्हणून विचारतात, आणि समोरून होकार आला की निम्मी गैरसोय तिथेच संपते. खटका पडला की मात्र समोरच्यांच्या घरात मालिका रंगात आलेली असते, त्यांचा पंखा गरगरत असतो, आणि आपण तेवढे मोबाइलच्या उजेडात जिन्याखालच्या पेटीकडे निघालेले असतो. हा अंधार खासगी असतो, स्वकष्टार्जित असतो. त्याबद्दल सरकारला नावं ठेवता येत नाहीत, हे त्यातलं खरं दुःख.

आमच्याकडे असा अंधार वारंवार येऊ लागला तो मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी घरात आल्यापासून. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायको मातीकडे वळली. तिच्या मैत्रिणी योगाकडे, अध्यात्माकडे, नाहीतर न्यू जर्सीतल्या नातवंडांकडे वळल्या होत्या, त्यामानाने माती जवळ होती. आधी चाक आलं. चाक निरुपद्रवी असतं, फक्त ते ज्या खोलीत असतं तिथली फरशी पुन्हा दिसत नाही. मग ग्लेझच्या बरण्या आल्या. भांडी भाजायला मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला एका स्टुडिओत न्यावी लागत. कच्चं, वाळलेलं भांडं रिक्षातून नेणं म्हणजे काय, हे पुण्यातले गतिरोधक ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको. निघताना टोपलीत फुलदाणी असे, पोचेपर्यंत तिची माती झालेली असे. तेव्हा एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून जुनी भट्टी घेतली आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली बसवली.

दिसायला ती साधीच. आठ कोनांचं पिंप, वर जड झाकण. बाहेरून स्टीलचा पत्रा, आत पांढुरक्या, सच्छिद्र आणि हातात घेतल्यावर फसवणूक झाल्यासारख्या हलक्या विटा. त्या विटांमध्ये आडव्या खाचा आणि खाचांमध्ये वेटोळ्यांची तार. सगळी करामत त्या तारेची. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा हा मिश्रधातू १९२०च्या दशकात हान्स फॉन कांत्सॉव या स्वीडिश अभियंत्याने हालस्टाहामार नावाच्या गावी तयार केला. कांथल म्हणतात त्याला. तापला की अंगावर अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर धरतो आणि त्या थराच्या आड स्वतः न जळता लाल, नारिंगी, पुढे पिवळा होत राहतो. त्यातली सर्वांत चिवट जात १४०० अंशांपर्यंत टिकते. आमच्या भट्टीची भूक सात किलोवॅटची. २३० व्होल्टला साधारण ३० अँपिअर. घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो आणि तो दहा मिनिटं जास्त चालला तर घरात बोलणी बसतात. इथे साडेतीन गीझर एकदम लावायचे आणि दहा-बारा तास तसेच ठेवायचे. त्यासाठी लोड वाढवून घेतला, मीटरपासून वेगळी लाइन ओढली, शेडच्या भिंतीवर वेगळी पेटी बसवली. एवढं करूनही खटका पडायचा तो पडलाच.

खटका पडला की माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो "का?" असा. या प्रश्नाचं एक वैशिष्ट्य आहे. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं आणि ते ज्याच्या त्याच्या पूर्वायुष्यातून आलेलं असतं. आमच्या सोसायटीत एक निवृत्त अभियंते आहेत. त्यांनी कपाळाला आठी घालून "पॉवर फॅक्टर" असे दोन शब्द उच्चारले आणि पुढचा तासभर ते समजावून सांगितले. भट्टी ही शुद्ध तारेची बाब, तिचा पॉवर फॅक्टर एकच असतो आणि एकच राहतो. पण चहा झाला, वेळ छान गेला. वॉचमनचं मत पडलं की पेटीत पाल गेली असणार. हे ऐकायला गावंढळ वाटतं, पण पाल दोन टर्मिनलांच्या मध्ये जाऊन स्वतःसकट सगळ्यांना अंधारात टाकते हे अगदी खरं आहे, आणि मुंग्याही कॉन्टॅक्टरमध्ये घुसून तेच काम सामुदायिक पद्धतीने करतात. वॉचमनला मी आमच्या अभियंत्यांपेक्षा वरचा क्रमांक देतो. मुलगा बंगळुरूला संगणकात आहे. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा." खटक्याने पहिला अर्धा भाग आधीच करून ठेवला होता.

एक भाचा आहे, त्याने सगळ्यांत सोपा तोडगा सुचवला. "मामा, तो ईएलसीबी काढूनच टाका ना! आमच्या वर्कशॉपमध्ये काढलाय. कधी ट्रिप नाही काही नाही." ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. पूर्वी चिनी मातीचे फ्यूज असत, तेव्हा तार वारंवार उडते म्हणून लोक तिथे दोन पदरी, तीन पदरी तार घालत, आणि कुणी कुणी तर सरळ केसांचा आकडा. मग फ्यूज उडत नसे, घर उडायची सोय होई. या बाबतीत माझं मत अजिबात लवचीक नाही. बोंब मारणाऱ्याचं तोंड बांधणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

शेवटी आमचे नेहमीचे वायरमन आले. बुटके, अबोल, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि तंबाखूची पुडी शेजारी शेजारी. त्यांनी भट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. पेटीसमोर उभं राहून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "कोणता पडतो?" आणि "कधी पडतो?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. 'का'ची आमच्याजवळ आठ-दहा उत्तरं होती. 'कोणता' आणि 'कधी' यांचं एकही नव्हतं.

पेटीत दोन पहारेकरी असतात आणि दोघांची कामं निराळी. एमसीबी मोजतो ती नुसती किती वीज वाहते ते. प्रमाणाबाहेर थोडी थोडी, बराच वेळ वाहिली तर त्याच्या पोटातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका सोडते. शॉर्ट झालं तर पट्टीची वाट न पाहता चुंबक तिथल्या तिथे खटका ओढतो. दुसरा आरसीसीबी, ज्याला आपण सगळे ईएलसीबीच म्हणतो. त्याला किती वाहिली याच्याशी कर्तव्य नाही. गेली तेवढी परत आली का, एवढंच तो पाहतो. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडलाच पाहिजे, आणि प्रत्यक्षात निम्म्या फरकानंतर कधीही पडू शकतो. भट्टीतून ३० अँपिअर वाहत असताना ३० मिलिअँपिअर म्हणजे हजारात एक भाग. बँकेत नोकरी केलेल्यांना हा इसम आवडेल. दिवसअखेरी हजारामागे रुपया कमी भरला की काउंटर बंद. अर्थात हा रुपया कुणाच्या तरी हाता-पायांतून जमिनीत गेलेला असू शकतो, म्हणून त्याचा कडकपणा चालवून घ्यायचा.

त्या दिवशी पडत होता तो हा दुसरा. कधी, तर सुरू केल्याबरोबर. आषाढ चालू होता, भट्टी बरेच दिवस पेटली नव्हती. वायरमनकाकांनी झाकण उघडलं, आतल्या विटेवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, वीट प्यायलीय." शेडला तीन बाजूंनी भिंत नाही, पुण्याचा पाऊस तिरपा येतो, आणि त्या हलक्या विटा म्हणजे निम्म्याहून अधिक नुसती भोकं. त्यांनी हवेतलं पाणी पोटभर ओढून घेतलं होतं. तार त्याच ओल्या विटेच्या खाचेत बसलेली, वीट पत्र्याला टेकलेली, पत्रा अर्थिंगला जोडलेला. विजेला जमिनीपर्यंत जायला ओला का होईना, रस्ता मिळाला होता. इलाज विलक्षण साधा निघाला. जुन्या पद्धतीचा, काचेत तार असलेला शंभर वॅटचा बल्ब होल्डरला लावून भट्टीच्या तळाशी सोडला, झाकण बोटभर उघडं ठेवलं आणि रात्रभर तसाच जळू दिला. अडचण एवढीच होती की असा बल्ब आता कुणी ठेवत नाही. सगळं एलइडी, आणि एलइडीला उजेड पाडता येतो, पण त्याच्याने वीट काही वाळत नाही. तीन दुकानं पालथी घातल्यावर एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून खोका काढला आणि विचारलं, "कोंबड्यांची पिल्लं आणलीत का?"

सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला घाम साचला होता. वीट हाताला कोरडी, किंचित कोमट लागत होती. त्या दिवशी खटका पडला नाही.

इथे भट्टीची गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण एकदा 'कधी'ची गोडी लागली की भट्टी त्यातले सगळे प्रकार दाखवते. चालू करताक्षणी पडला तर ओल, नाहीतर सरळ शॉर्ट. दीड-दोन तासांनी पडला तर कुठेतरी स्क्रू सैल. हा प्रकार मी अगदी जवळून पाहिलाय. तार जिथे विटेतून बाहेर येऊन पितळी कनेक्टरमध्ये शिरते, तिथला एक स्क्रू रोजच्या तापण्या-निवण्याने ढिला पडला होता. सैल जोडावर वीज अडखळते, अडखळली की तापते, तापली की पितळ काळं पडतं, काळं पडलं की आणखी अडखळते. त्या टोकाच्या वायरीचं लाल आवरण विटकरी होऊन कडकडीत झालं होतं; नखाने दाबलं तर अंड्याच्या कवचासारखं तडकलं. वायरमनकाकांनी मेन बंद करून मग एकेका टर्मिनलला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच टिचकी दिली आणि कान देऊन ऐकलं. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी तपासली होती, त्या परंपरेतलंच हे काम. इथेही एक कच्चं निघालं आणि ते कुरकुरलंच.

आणि आतला अंश हजारावर गेल्यावर ईएलसीबी पडला, तर संशय पुन्हा विटेवर घ्यायचा, पण कारण उलटं. गार असताना जी वीट ठार अवाहक असते ती लाल झाली की थोडी थोडी वीज जाऊ देऊ लागते. ओली असताना गळते आणि अति तापल्यावरही गळते. मधल्या मध्ये काय ती शहाणी. शिवाय भांड्यावरून ओघळलेला ग्लेझचा थेंब तारेवर पडलेला असेल, खाचेतून बाहेर लोंबलेली तार थर्मोकपलच्या नळीला टेकली असेल, अशा गोष्टी आहेतच. हे सगळं आतून पाहायचं तर भट्टी पूर्ण निवू द्यावी लागते, मेन बंद करावा लागतो, आणि डोकं खाली पाय वर अशा स्थितीत पिंपात शिरावं लागतं. हे काम घरातल्या बारीक माणसाचं. मी बाहेर उभा राहून टॉर्च धरतो.

हे चाललेलं असताना आईचं म्हणणं एकच असे. "कुंभाराच्या आव्याला कधी खटका पाहिला नाही बाई." ते खरंच आहे. आवा म्हणजे जमिनीवर रचलेली मडकी, मध्ये मध्ये शेण्या, वर पेंढा आणि मातीचा लेप. एकदा पेटवला की कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात, जिथे सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या पिढ्या नांदल्या, तिथे कापसाच्या चिंध्यांवर भट्ट्या पेटत आल्या आहेत. तिथे खटका नसतो, शेजारी असतात. धूर झाला की ते पडतात, तेही अंगावर.

लाकडाच्या भट्टीवाल्यांचं दुःख आमच्याहून मोठं होतं, हे मला बेर्नार पालिसीची हकिकत वाचून कळलं. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच गृहस्थ. त्याला पांढरं शुभ्र एनॅमल साधायचं होतं आणि ते पंधरा-सोळा वर्षं साधत नव्हतं. एकदा भट्टी ऐन रंगात असताना लाकूड संपलं. त्याने आधी बागेतले खांब जाळले. मग घरातली टेबलं. मग पायाखालच्या फळ्या. हे त्याने स्वतःच १५८०च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, आणि हेही की गावात बोलवा झाली, हा खोटी नाणी पाडतोय. बायको काय म्हणाली असेल ते आपण समजू शकतो. मी ही गोष्ट जेवताना सांगितली तेव्हा आमच्याकडे विजेची भट्टी असल्याचं मला प्रथमच मनापासून बरं वाटलं. सागवानी दिवाणाकडे हिने एकदा पाहिलं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता.

मुख्य दुखणं आलं ते दिवाळीनंतर जुन्या तारा बदलल्यावर. जुन्या तारा थकल्या होत्या. कांथल वापरून वापरून म्हातारी होते, म्हणजे तिचा रोध वाढतो, वीज कमी ओढते आणि भट्टी रडतखडत चढते. नव्या वेटोळ्या बसवल्या आणि भट्टी तरुण झाली. दोन फायरिंग छान झाली. मग होळीच्या सुमाराला खटका पडू लागला. या वेळी पडत होता तो एमसीबी, ३२ अँपिअरचा. साहजिकच सगळ्यांनी नव्या तारांना दोष दिला. ज्यांनी तारा वळून दिल्या त्यांना फोन झाला, ते दुखावले. त्यांनी सांगितलं तो रोध आम्ही मोजला, साडेसात ओहमच्या किंचित वर, अगदी बरोबर. स्क्रू घट्ट होते, वीट कोरडी होती.

'कधी'चं उत्तर या वेळी बायकोच्या वहीत होतं. प्रत्येक फायरिंगची ती नोंद ठेवते. तासागणिक किती अंश, झाकण कधी बंद केलं, भोकातून पाहिल्यावर कोन वाकला की नाही. हे कोन म्हणजे बोटभर उंचीचे मातीचे सुळके. १८८६ साली बर्लिनमध्ये हेरमान झेगर या रसायनशास्त्रज्ञाने त्यांचा पद्धतशीर संच बनवला. थर्मोकपल फक्त अंश सांगतो, आणि मातीला नुसत्या अंशांनी भागत नाही, तिला किती उष्णता किती वेळ मिळाली हेही लागतं. कोन स्वतः मातीचाच असल्याने त्याला ते समजतं. वेळ झाली की तो शेंड्याकडून नम्रपणे वाकायला लागतो. काळ्या चष्म्यातून त्या भोकाला डोळा लावला की पिवळ्या झगझगाटात आधी काहीच दिसत नाही, भांडं आणि भिंत एकाच रंगाची झालेली असते. मग त्या उजेडातूनच एक सावळी रेघ बाजूला होते, तो कोन.

वायरमनकाका वही घेऊन ओट्यावर बसले. एकदा खटका ९००ला पडला होता, ते पहिल्या कच्च्या भाजणीत. एकदा ११५०ला, ते ग्लेझ फायरिंगमध्ये. एकदा मधेच कुठेतरी. अंशांचा काही मेळ बसेना. त्यांनी तंबाखू मळली आणि बोट अंशांच्या रकान्यावरून वेळेच्या रकान्यावर नेलं. सगळ्या वेळा मध्यरात्रीनंतरच्या होत्या.

"रात्री काय होतं?" ते म्हणाले. आम्ही म्हटलं, रात्री काही होत नाही, रात्री सगळे झोपतात.

तेव्हा आई आतून म्हणाली, "झोपतात कसले! मध्यरात्र उलटली की तो पंखा असा सुटतो, मला उठून पांघरूण घ्यावं लागतं. कितीदा सांगितलं यांना, कुणी बघत नाही."

हे ती खरोखरच महिनाभर सांगत होती. आम्ही त्याला वयाचा भाग समजत होतो. वायरमनकाका मात्र ताडकन उठले, आईपाशी जाऊन बसले आणि आदबीने विचारलं, "आजी, किती वाजता?"

आई म्हणाली, "साडेबारा-एक."

त्या रात्री ते मीटर घेऊन आले. दहा वाजता व्होल्टेज २२८. बाराला २४०. साडेबाराला पंखा सुटला, तेव्हा २५०. गल्लीतले टीव्ही, इस्त्र्या, पाण्याचे पंप निजले की ट्रान्सफॉर्मरवरचा भार उतरतो आणि व्होल्टेज वर येतं. तार तीच, रोध तोच. व्होल्टेज वाढलं की वीज त्याच प्रमाणात वाढते. तिसाची तेहतीस. आणि उष्णता तर वर्गाच्या हिशेबाने वाढते, २५०ला सात किलोवॅटची भट्टी सव्वाआठ किलोवॅटची होते. जुन्या थकलेल्या तारा मुळातच कमी ओढत, म्हणून त्यांच्या कारकिर्दीत हे झाकलं गेलं होतं. नव्या तारा आपल्या पगाराइतकं काम चोख करत होत्या, म्हणून बोल त्यांना.

पण ३२च्या एमसीबीने ३३ला का पडावं? नियमाप्रमाणे त्याने ३६पर्यंत तासभर गप्प बसायला हवं, आणि ४६ला तासाच्या आत पडायलाच हवं. याचं उत्तर वायरमनकाकांनी पेटीला हात लावून दिलं आणि हात लगेच काढून घेतला. हे नियम हवा ३० अंशांची असताना लिहिलेले आहेत. आमची पेटी भट्टीपासून दोन हातांवर, वर पत्रा, आत आठ तासांची धग. एमसीबीच्या पोटातली ती पट्टी विजेने तापायच्या आधीच शेजारणीने तापवून ठेवलेली. तिला वाकायला निमित्त पुरे होतं. वर तीन अँपिअर आले, तिने अंग टाकलं.

म्हणजे दोषी कुणीच नव्हतं. भट्टी ठीक होती, तार ठीक होती, खटका ठीक होता, गल्ली झोपली होती हे तर कौतुकास्पद होतं. सगळे नीट वागले की कधी कधी असं होतं. भाच्याचा निरोप आला, "मग ४०चा एमसीबी टाका, विषय संपला." वायरमनकाकांनी मान हलवली. खटका भट्टीसाठी नसतोच, तो भिंतीतल्या वायरीसाठी असतो. वायर सहा चौरस मिलिमीटरची आणि वर ४०चा खटका, म्हणजे उद्या खटका शांत आणि वायर गरम. त्यांनी दहा चौरस मिलिमीटरची नवी केबल ओढली, मग ४०चा एमसीबी बसवला, आणि पेटी उचलून शेडबाहेर, उत्तरेच्या भिंतीवर, वळचणीखाली नेली. तेव्हापासून मध्यरात्री पंखा सुटतो, आई पांघरूण घेते आणि भट्टी चालू राहते.

मधल्या त्या गोंधळात एक गोष्ट घडली होती, ती सांगायची राहिली. एका रात्री खटका पडला तो अगदी शेवटच्या टप्प्यावर, १२२०ला टेकायच्या बेतात. मी पेटीपर्यंत जाऊन येईतो, मग चालू करायचा की नाही यावर आमची चर्चा होईतो, भट्टी हजारच्या घरात उतरली होती. हिने भोकातून पाहिलं. कोन आधीच वाकला होता, म्हणजे भांडी शिजली होती, पुन्हा माथ्यापर्यंत चढवायची गरज नव्हती. पण एकदम गार होऊ द्यायलाही तिचं मन घेईना. म्हणून हजारवरच कंट्रोलर लावला. तिथे टिकून राहायला भट्टी अधूनमधूनच वीज ओढते, त्यामुळे एमसीबीचीही हरकत नव्हती. आमचं बोलणं तास-दीड तास चाललं, तितका वेळ भट्टी तिथेच रेंगाळली.

दोन दिवसांनी झाकण उघडलं तर लोखंडाच्या ग्लेझचे मग, जे नेहमी काळेभोर आणि चकचकीत निघत, ते तपकिरी, मखमली आणि अंगभर बारीक सोनेरी कण घेऊन बसलेले. लोहाने लदलेलं ग्लेझ हळूहळू निवलं की त्यात असे स्फटिक धरतात. पटकन निवलं की काच होऊन मोकळं होतं. प्रदर्शनात ते मग पहिल्या तासात गेले. एक बाई आता तसेच आणखी सहा मागताहेत.

त्यामुळे कंट्रोलरमध्ये एक नवी पायरी भरली आहे. माथ्यावर पोचायचं, मग हजारवर उतरायचं, दीड तास थांबायचं. त्यात जादा वीज जाते म्हणून हिने मगमागे पन्नास रुपये वाढवले. बाईंनी घासाघीस केली, मागच्या वेळी हाच रंग स्वस्त होता म्हणाल्या. मागच्या वेळी तो फुकट पडला होता, हे काही हिने त्यांना सांगितलं नाही.